टेलचं घर

कालव्याच्या पाण्याचा एक साधा नियम आहे. आवर्तन सुटलं की पाणी आधी टेलला, म्हणजे सगळ्यात शेवटच्या शेतकऱ्याला द्यायचं. त्याचं भरणं झालं की त्याच्या वरच्याला, आणि असं करत करत हेडपर्यंत, म्हणजे चारीच्या तोंडापर्यंत यायचं. कोणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे आधीच कागदावर ठरलेलं असतं. त्या यादीला शेजपाळी म्हणतात. क्रम असा उलटा का, हे कालव्यावर एक हंगाम काढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. पाणी हेडवाल्याच्या शेताशेजारूनच जातं. त्याला आधी दिलं तर तो पोटभर घेतो, वर थोडं आणखी घेतो, आणि टेलवाल्याच्या वाट्याला नुसती ओली चारी येते.

माझी सगळी नोकरी हे सांगण्यात गेली. आधी चाळीसगाव-भडगावकडे गिरणेच्या जामदा कालव्यावर, नंतर साक्रीकडे पांझरेच्या खोऱ्यात. नमुना नंबर सातचे पाणी अर्ज घेतले, रात्री चोरून दारं उचलणाऱ्यांचे पंचनामे केले, दंड लावले. लोक चिडायचे. मी त्यांच्या बांधावर बसून समजूत घालायचो की, तुमच्या शेतात जास्तीचं गेलेलं पाणी आकाशातून आलेलं नाही, ते खालच्या कोणाच्या तरी गव्हातून निघालेलं आहे.

निवृत्तीनंतर अमळनेरला घर बांधलं, आणि 2019 च्या उन्हाळ्यात जे मी दुसऱ्या कोणाला कधी करू दिलं नाही, तेच स्वतः केलं. हे इतक्या वर्षांनी लिहिण्याचं कारण एवढंच की आमच्या भागात नवी घरं उठताहेत, आणि पाण्याच्या खात्यातला माणूस म्हणून लोक मला विचारायला येतात, 'आप्पा, पुढच्या अंगणात लॉन कोणती लावू?' त्यांना दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही.

लॉनची ओढ मला नोकरीत लागली. धरणांवर पाटबंधारे खात्याची विश्रामगृहं असतात. बाहेर मे महिन्याचं ऊन, काळी भेगाळलेली जमीन, आणि फाटकाच्या आत हिरवीगार हिरवळ. साहेब लोक संध्याकाळी तिथे खुर्च्या टाकून बसायचे. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की स्वतःचं घर झालं की पुढे अशी हिरवळ करायची. ती हिरवळ धरणाच्या भिंतीला लागून होती, तिच्या पाण्याचा हिशोब कोणी ठेवत नव्हतं, ही गोष्ट माझ्यासारख्या हिशोब ठेवणाऱ्यालाही सुचली नाही. घर झाल्यावर लाल मातीच्या ट्रॉल्या आणल्या, रोपवाटिकेतून लॉनचे तयार गालिचे आणून अंथरले. अंगणात आधीचा एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत लॉन नीट धरत नाही असं माळ्याने सांगितलं, म्हणून तो मी तोडायला लावला. ही माझी पहिली चूक, आणि ती भरून निघायला सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे.

अमळनेर बोरीच्या काठी वसलेलं असलं तरी बोरी वर्षातला बराच काळ कोरडी असते. शहराला पाणी येतं तापीतून, जळोदच्या बाजूने. उन्हाळ्यात तापीही आटते. मग भुसावळ तालुक्यातल्या हतनूर धरणातून नदीत पाणी सोडावं लागतं आणि ते वाळूतून वाट काढत खालच्या डोहांपर्यंत पोहोचावं लागतं. त्याच धरणावर भुसावळ शहर आहे, रेल्वे आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे. म्हणजे हतनूरच्या हिशोबात आमचं सगळं अमळनेरच टेलला आहे. पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प पुरा झाला की हा प्रश्न सुटेल, हे आम्ही गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ऐकत आलो. धरण होईल तेव्हा होईल. तोवर घरात नळ काही दिवसांआड येतो आणि उन्हाळ्यात ते दिवस वाढतात.

2018 चा पाऊस कमी झाला. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जळगाव जिल्ह्यातले तेरा तालुके त्यात होते, अमळनेर त्यांपैकी एक. मार्च उजाडेपर्यंत गावोगावी टँकर दिसू लागले. आमच्या कॉलनीत रिक्षा फिरली. भोंग्यावरून सांगत होते की पिण्याचं पाणी झाडांना, अंगणात, लॉनला घालू नये, गाड्या धुऊ नयेत, नळाला थेट मोटार लावू नये, नाहीतर नळजोडणी तोडण्यात येईल.

मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. ती सूचना ऐकली आणि ती माझ्यासाठी नाही असंच मला वाटलं. वाया घालवणारे लोक माझ्या डोळ्यांसमोर आले: ज्यांच्या नळाला तोटीच नाही, जे गटारात पाणी सोडून देतात, जे रस्त्यावर सडा टाकतात. मी यांतला नव्हतो. मी पाणीपट्टी वेळेवर भरत होतो, माझ्या नळाला तोटी होती, आणि लॉनला पाणी मी मोजून देतो असं मला वाटत होतं.

मोजून देत नव्हतो. मनाला पटेल अशी एक पळवाट काढली होती. नळ काही दिवसांआड येत असला की आपल्याकडे घरोघरी एक गोष्ट होते: ताजं पाणी आलं की आधीचं साठवलेलं 'शिळं' म्हणून ओतून देतात. झाकलेल्या स्वच्छ टाकीतलं पाणी तेवढ्यात खराब होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी स्वतःला समजावलं की हे शिळंच आहे, टाकायचंच आहे, तर लॉनला दिलं. मग लॉनला पुरावं म्हणून टाकीत शिळं पाणी उरावं लागे. ते उरावं म्हणून नळाचं पाणी जास्त भरून ठेवावं लागे. आणि जास्त भरता यावं म्हणून मी नळाला मोटार लावली.

मोटारीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्यातला दोष लोकांना पाणीचोरीपुरताच वाटतो. जलवाहिनीत दाब असतो तोवर पाणी फटींतून बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. थेट मोटारीने ओढलं की पाइपात पोकळी होते आणि तीच फट बाहेरची घाण आत घेते. जुन्या वाहिन्या गटाराला लागून जातात. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथी अशाच पाइपांतून घरात येतात. मी ज्या दिवशी मोटारीचं बटण दाबलं त्या दिवशी मी शेजाऱ्यांचं पाणी कमी तर केलंच, शिवाय उरलेलं पाणी प्यायला धोक्याचं केलं. अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला हे कोणी सांगायची गरज नसते. मला माहीत होतं.

आमच्या गल्लीत माझं घर वाहिनीच्या सुरुवातीला आहे. शेवटचं घर एका वहिनींचं. नवरा नाही, मुलगा सुरतला कामाला, घरात सासू आणि दोन नाती. त्यांच्याकडे जमिनीतली टाकी नाही. अंगणातल्या नळाखाली हंडे लावायचे, तेवढंच. मे महिन्यात, वैशाखात, संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. बोरीच्या पात्रात दुकानं, पाळणे लागतात, घरोघरी पाहुणे येतात. त्या वर्षी यात्रेच्या दिवसांत नळ आला आणि वहिनींकडे पाण्याची धार करंगळीएवढी होती. दोन-तीन हंडे भरले असतील, तोवर पाणी गेलं. त्या गल्लीभर विचारत आल्या. माझ्या फाटकाशी येऊन म्हणाल्या, 'आप्पा, तुमनाकडे पानी उनं का? आमनाकडे उनंच नही.'

मी काय म्हणालो ते लिहायला जड जातं. मी म्हणालो, 'व्हॉल्वमन नीट सोडत नाही. मी तक्रार करतो.'

मी तक्रार केलीच. खात्यातली भाषा मला येत होती. अमुक वाहिनीवर दाब अपुरा, व्हॉल्व पूर्ण उघडला जात नाही, कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष. मुद्देसूद, लेखी, वर निवृत्त अभियंता म्हणून सही. अशा अर्जाला वजन असतं. त्या माणसाकडून लेखी खुलासा घेतला गेला आणि त्याला आमच्या लाइनवरून दुसरीकडे पाठवलं. गल्लीतल्या लोकांनी माझे आभार मानले, वहिनींनीही. मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हे समाधान आहे; लॉन आणि मोटार त्यानंतर येतात.

माझा हिशोब मला दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नातून करावा लागला. पुण्याहून नातू आला होता, सातवीतला. त्याला शाळेचा प्रकल्प होता, घरातल्या पाण्याचा ताळेबंद. आंघोळीला किती, भांड्यांना किती, असं लिहीत तो लॉनपाशी आला. मी त्याला पद्धत शिकवली: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आमची लॉन 900 चौरस फूट, म्हणजे साधारण 84 चौरस मीटर. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, कोरडा वारा वाहतो. अशा दिवसांत गवताला रोज सहा-सात मिलिमीटर तरी लागतं. सात धरलं तर दिवसाला 590 लिटरच्या आसपास. भुयारी गटार नसलेल्या शहरात माणशी रोज 70 लिटर पाणी द्यावं, असा शासनाच्या नियमपुस्तकातला निकष आहे. नातवाने भागाकार केला आणि वहीत लिहिलं: आठ माणसं. मग त्याने हंड्यांत मोजलं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर एकोणचाळीस.

वहिनींच्या घरात चार माणसं होती.

आणि हा हिशोब नीट दिलेल्या पाण्याचा. मी देत होतो पाइपने, कधी सकाळी दहाला, कधी दुपारी जेवणानंतर, रोज थोडं थोडं. दुपारच्या उन्हात वरवर शिंपडलेल्या पाण्याचा काही भाग मुळांपर्यंत उतरण्याआधीच उडून जातो. रोज थोडं दिलं की गवताची मुळं वरच राहतात, खोल जात नाहीत, आणि एक दिवस चुकला की पिवळं पडतं. मग माणूस आणखी पाणी देतो. ठिबकचं नाव जगभर नेणाऱ्या जळगाव जिल्ह्यात राहून, केळीच्या प्रत्येक खोडाला मोजून पाणी देणारे शेतकरी रोज पाहून, मी हे करत होतो.

हिशोब कळल्यावर मी मोटार काढली. पण लॉन सोडली नाही. चुकीतून सरळ बाहेर पडण्याऐवजी मी दुसऱ्या दाराने तिच्यातच परत शिरलो. ठरवलं की नळाचं पाणी नको, बोअर घेऊ. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशाने. भोंग्यावर बोअरबद्दल काही सांगितलं नव्हतं. गाडी आली, धूळ उडाली, खाली काळा पाषाण लागला, त्याच्या भेगेत पाणी लागलं. आपल्याकडच्या या खडकात पाणी तळ्यासारखं साठलेलं नसतं, ते भेगांतून फिरत असतं, आणि एकच भेग चार घरांखालून जाते. माझं बोअर चालू झाल्यावर मागच्या आळीतल्या एका घराच्या जुन्या बोअरला आधी गढूळ पाणी आलं, मग हवा येऊ लागली. ते काका चांभारकाम करतात, त्यांच्याकडे नव्या बोअरचे पैसे नव्हते. माझ्यामुळेच झालं हे सिद्ध करता येत नाही, म्हणून त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला सिद्ध करायची गरज नाही. राज्याचा 2009 चा भूजल अधिनियम मी वाचलेला आहे. भूजल हे एकट्या मालकाचं नाही, हेच त्याच्या मुळाशी आहे.

साक्रीकडे असताना मी पाणी वापर संस्थांच्या बैठकांत एक गोष्ट हमखास सांगायचो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड पाडलेले, आणि बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाटकरी पाणी भरणार, जागल्या राखण करणार. पाणी कमी झालं की गाव बसून ठरवायचं की यंदा अमुक फडाला पाणी नाही. प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्यामुळे तुटीचा वाटा प्रत्येकाला यायचा. हे सांगताना माझा गळा दाटून यायचा. इंग्रज येण्याच्या आधीपासून आपल्या लोकांना हे कळलं होतं, असं मी म्हणायचो. माझ्या गल्लीत तुटीचा सगळा वाटा एका घराला आला होता आणि तो फड मी पाडला होता.

2016 चा एप्रिलही मला आठवतो. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. मैदानांच्या हिरवळीला लागणाऱ्या पाण्यावरून ती जनहित याचिका होती. आमच्या कट्ट्यावर बरेच जण म्हणाले की मैदानाचं पाणी वाचून लातूरला काय मिळणार. मी न्यायालयाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. वाचलेलं पाणी लातूरला पोहोचणार नव्हतं हे खरं; पण तहानलेल्या राज्यात गवताला पाणी घालायचं की नाही, हा प्रश्न आधी येतो, असं मी म्हणालो होतो. ते मला आजही बरोबर वाटतं. तीन वर्षांनी तोच प्रश्न माझ्या अंगणात आला तेव्हा मी दोन्ही वेळा, नळावर आणि बोअरवर, चुकीचं उत्तर दिलं.

पाऊस पडायच्या आधी मी त्या व्हॉल्वमनला शोधत गेलो. तो दुसऱ्या भागात रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये वाकलेला होता. मी सगळं सांगितलं: अर्ज माझा होता, मोटारही माझीच होती. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, 'माहीत होतं साहेब. मोटार लागली की व्हॉल्ववर हात ठेवला तरी कळतं. पण तुमच्यासारख्या माणसाला कसं म्हणू?' मग त्याने मला त्या लाइनचे चढ-उतार सांगितले, कोणत्या घरापर्यंत पाणी आपसूक जातं आणि कुठून पुढे दाब लागतो. आमच्या गल्लीचा शेवट जरा उंचावर आहे. मी नोकरीभर उतार मोजले, आणि स्वतःच्या गल्लीचा उतार मला त्याने सांगितला. मी तक्रार मागे घेत असल्याचं लेखी दिलं. मोटार माझी होती असंही त्यात लिहिलं. तो आमच्या लाइनवर परत आला नाही. त्याला परत यायचंच नव्हतं, आणि मला त्याचं म्हणणं समजतं.

लॉनला पाणी देणं मी पूर्ण बंद केलं. जुलैत चांगला पाऊस झाल्यावर पाहतो तर मधली मऊ जात मेली होती, पण कडेची आपली हरळी, जी मी खुरप्याने काढत असे, ती सगळीकडून हिरवी होऊन वर आली. हरळी उन्हाळ्यात वाळते, मरत नाही. तिला उन्हाळ्यात हिरवं ठेवण्याचा हट्ट फक्त माणसाचा. आता अंगणात तीच आहे. फेब्रुवारीत पिवळी पडते, मे महिन्यात माती दिसते. एका कोपऱ्यात कडुनिंब लावला आहे, त्याला आंघोळीचं पाणी जातं. गच्चीचं पावसाचं पाणी गाळून बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवतो. त्या काकांच्या बोअरला पावसाळ्यानंतर काही महिने पाणी असतं, आधीसारखं बारमाही नाही.

हल्ली परदेशातल्या शहरांचे नियम वाचतो. 2018 साली केपटाऊनने माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घातली; नळाचं पाणी बागेला घालण्यावर तिथे आधीच बंदी होती. अमेरिकेत नेवाडा राज्याने 2021 मध्ये कायदा केला की लास व्हेगसच्या परिसरात रस्त्याकडेची, ऑफिसांपुढची नुसत्या शोभेची लॉन काढून टाकावी. काही देशांत तुमच्या घराच्या क्रमांकाप्रमाणे बागेला पाणी देण्याचे वार ठरलेले असतात. आमच्याकडे वार ठरवून उपयोग नाही, कारण नळच रोज नाही. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात लॉनवाला धरण थोडं रिकामं करतो, ते कोणाला दिसत नाही. आमच्याकडे तो त्याच तासाला, त्याच पाइपावरच्या शेवटच्या घराचा हंडा रिकामा ठेवतो. म्हणून माझं मत असं की आपल्या शहरांत नियम लॉनवरचा असो की मोटारीवरचा, तो पाळला जातो की नाही हे हेडला उभं राहून बघू नये. शेवटच्या नळाखाली हंडा ठेवावा आणि तो किती वेळात भरतो ते बघावं. शेजपाळी टेलपासून सुरू होते तशी तपासणीही टेलपासून व्हावी. भोंग्यावरून 'पाणी जपून वापरा' म्हटलं की प्रत्येकाला ते दुसऱ्यासाठी वाटतं, मला वाटलं तसंच.

मी वहिनींनाही जाऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मी म्हणालो, आता बोअर आहेच, तर तुमच्यापर्यंत पाइप टाकून देतो, माझ्या खर्चाने. त्या नको म्हणाल्या. तुमचं बोअर तुमच्या मर्जीवर, आप्पा, असं म्हणाल्या. मला नळाचं पाणी पुरेसं येऊ द्या.

तेव्हापासून नळ सुटतो त्या दिवशी मी गल्लीतून एक चक्कर मारतो. मोटार लावणारा मी एकटाच नव्हतो; बहुतेकांनी आता काढल्या. वाहिनीच्या सुरुवातीकडची दोन घरं अजून लावतात. एकाने लॉनही लावली आहे, माझ्यापेक्षा मोठी. त्याच्याकडे नातवाची ती वही घेऊन गेलो होतो. त्याने हिशोब पाहिला, चहा पाजला आणि म्हणाला, पाणीपट्टी भरतो की. पुन्हा जाणार आहे.